दोन संडासांची बोट

जयपूरच्या मुरलीपुऱ्यातून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण बँकेतून निवृत्त झालेल्या नंदकिशोर आरोंदेकरांना त्याचं काय! आयुष्यात कधी शिडाच्या बोटीत पाय न ठेवलेला हा गृहस्थ बोटींवर असा बोलायचा, जणू सुएझचा कालवा याच्याच देखरेखीखाली खणला गेला. रोज मोबाईलवर बोटींचे व्हिडिओ बघायचे आणि पोहे खाता खाता बायकोचं डोकं खायचं, हाच उद्योग.

त्या दिवशी पंचेचाळीस वर्षांची जुनी बोट आणि यंदाची नवी बोट यांची तुलना चालली होती.

"जुनी बघ, अलका. अरुंद, जड, पोट खोल. आत धड उभं राहता येत नाही, पण सामान कसं जागच्या जागी बांधलेलं! तुफानातसुद्धा डगमगायची नाही. आणि नवी? नुसता फ्लॅट! ऐसपैस बैठक, फ्रिज, दोन-दोन संडास. लाटांवर धाडधाड आपटते. ती बंदरातच शोभायची. जग फिरायचं तर जुनीच!"

अलकाताईंनी माळ्याकडे पाहिलं. दर तीन वर्षांनी नवऱ्याची बदली, आणि अकरा बदल्यांत अकरा वेळा त्यांनीच गाशा गुंडाळला होता. त्यातली चार खोकी सुतळीसकट अजून तशीच पडली होती, कारण बँकेच्या एकाही क्वार्टरमध्ये ती उघडायला जागा नव्हती.

"मला नवी," त्या म्हणाल्या.

"अगं, पण ती बंदरातच पडून राहील!"

"म्हणूनच. आणि धक्क्याला बांधायच्या दोराची गाठ मी मारणार. तुमच्या गाठी तीन वर्षांत सुटतात."