वहिनींची वेगळी चूल

परवा दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर जे घडलं, त्यातून मी अजून सावरलेलो नाही. नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

माझ्या वहिनी इस्पितळात रोग्यांच्या आकडेवारीचं काम करायच्या. महागडं सॉफ्टवेअर परवडेना, म्हणून त्यांनी संख्याशास्त्राचा प्रोग्राम स्वतःच लिहिला आणि सगळ्यांना फुकट वाटला. त्यांच्या धाकट्या भावाने दुसरा लिहिला, तोही फुकट. वहिनींच्यात बटणं दाबायची, त्याच्यात हुकूम टाइप करायचे. शिवाय दोघांचा एक विचित्र नेम होता. एकमेकांचं लिखाण उघडून बघायचं नाही आणि त्यातली एक ओळही उचलायची नाही. फुकटच वाटायचंय तर दोन चुली कशाला, असं सगळे विचारत. मला तर तो निव्वळ हट्ट वाटे.

यंदा वहिनींची नजर अधू झाली आणि त्या एकत्र यायला तयार झाल्या. म्हणजे त्यांचा प्रोग्राम बंद होणार, भावाचा चालू राहणार. परवा तो लॅपटॉप घेऊन आला.

"ताई, रडू नकोस हं."

"रडतंय कोण? तुझा तो हुकुमांचा खटाटोप बघून लोकच रडतील."

शेवटचं म्हणून दोघांनी इस्पितळातली एकच माहिती आपापल्या प्रोग्रामात घातली. नव्या गोळीच्या चाचणीत कोणाला किती वेळा चक्कर आली, याची. मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभा होतो.

भावाचा प्रोग्राम म्हणाला, गोळी घेणाऱ्यांना चक्कर न घेणाऱ्यांच्या दुप्पट. वहिनींचा म्हणाला, काही फरक नाही; आणि तसंच त्यांनी इस्पितळाला कळवलंही होतं.

मी ट्रे घेऊनच पुढे वाकलो.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," भाऊ पुटपुटला.

वहिनींनी पडद्याला नाक लावलं आणि एकेक ओळ तपासली. मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पुन्हा तपासणीला न आलेल्यांचे रकाने रिकामे होते आणि गोळी घेणाऱ्यांतच असे जास्त होते. वहिनींनी नुकत्याच केलेल्या दुरुस्तीनंतर त्यांचा प्रोग्राम रिकाम्या जागेला शून्य धरत होता. चक्कर येऊन घरी पडून राहिलेला माणूस त्याच्या लेखी ठणठणीत!

त्यांनी लगेच इस्पितळाला फोन लावला. "ती गोळी सगळ्यांना द्यायला सुरुवात करू नका. हिशेब चुकलाय. माझाच."

फोन ठेवून त्या पुन्हा टेबलाशी येऊन बसल्या.

"ताई, आता तर तुझा बंदच करू," भाऊ हळूच म्हणाला. "माझं बरोबर निघालं ना."

"आज निघालं. उद्या तुझं चुकलं तर तुला सांगणार कोण? भाऊजी, चष्म्याच्या दुकानात फोन करा. जाड भिंगं हवीत म्हणावं."

मी तसाच उभा. इतकी वर्षं ज्याला हट्ट समजत होतो, तो हा होता!

भाऊ ओशाळला. "बरं, निदान या चार ओळी तरी घे माझ्या. लगेच दुरुस्त होईल."

"दाखवू नकोस! मग दोघं एकच चूक करू!" वहिनी ओरडल्या, आणि माझ्या हातातला ट्रे ओढून त्यांनी त्याच्या पडद्यासमोर आडवा धरला. चहा सगळा माझ्या पायांवर.