तात्या सिरियस आसत

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाबांनो, मधे कुणी हसलं की मला पुढचं सांगवत नाही. आठवलं की अजून अंगावर काटा येतो. एका इंग्रजी शब्दापायी मी माझ्या धडधाकट सासऱ्यांना जवळजवळ पोचवून आलो होतो. आणि तो शब्द शिकवला कोणी? मीच! शिकवला कोणाला? एका चिनी माणसाला!

तेव्हा मी मालवणात हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. नवी नोकरी, नवं लग्न, नवा कोट. रस्त्यानं निघालं की लोक थांबून ‘काय मास्तर?’ करायचे. मग माणसाचं डोकं फिरायला वेळ लागतो का?

त्या दिवसांत मुंबईची बोट लागली की बंदरावर एक चिनी कापडवाला उतरायचा. ली त्याचं नाव. सायकलला रेशमी कापडाचा गठ्ठा बांधून तो कणकवली, तळेरं असा हिंडायचा. मालवणी तो आमच्या मासळीबाजारात शिकला होता, त्यामुळे ती माझ्यापेक्षा अस्सल होती. त्याच्या शिव्या तर विचारूच नका! इंग्रजी मात्र कच्चं. त्याला मुंबईत दुकान घालायचं होतं आणि तिथलं बडं गिऱ्हाईक इंग्रजी बोलतं, म्हणून तो दुपारचा माझ्या ओटीवर येऊन बसायचा आणि एकेक शब्द विचारायचा.

एका दुपारी मी पेज जेवून नुकता आडवा झालेला. हा हजर!

“मास्तर, सिरियस म्हणजे काय वो?”

आता आमच्या गावात हा शब्द यायचा तो फक्त तारेतून. ‘मदर सिरियस, स्टार्ट’ एवढं वाचलं की घरात रडारड सुरू. मी डोळे न उघडताच म्हणालो, “सिरियस म्हणजे माणूस मरणाच्या दारात.”

“पण माका एकान सांगलेला, थट्टा नाय, खराच बोलतंय, असो पण अर्थ जाता म्हणान.”

“कोणी सांगलान?”

“बोटीवरच्या एका माणसान. आमच्या चिनी भाषेत बघा, माणूस मनापासून बोलता त्येका एक शब्द. तोंड गंभीर करून बसता त्येका दुसरो. दुखणा भारी, त्येका तिसरो. इंग्रजीत तिनांक मिळान एकच कसो?”

किती शहाणा प्रश्न! मला दुसरा अर्थ ठाऊक नव्हता असं नाही हो. पण तो समजवायचा तर उठून बसावं लागलं असतं!

“बोटीवरची माणसा काय वाट्टेल ता सांगतत,” मी म्हणालो. “अर्थ एकच. दुखणा. बाकीचा सगळा इसार.”

आणि तो बिचारा विसरला! विद्यार्थी असावा तर असा.

आता माझ्या सासऱ्यांची ओळख करून देतो. तात्या म्हणजे पूर्वीचे बोटीवरचे सारंग, खलाशांचे मुकादम. बायको वारल्यावर समुद्र सोडून त्यांनी तळेऱ्याच्या नाक्यावर खानावळ घातली होती. बोटीवरचं मोडकंतोडकं इंग्रजी बोलायची भारी हौस, आणि त्याहून हौस थट्टेची. एकदा त्यांनी निरोप धाडला, विहिरीत वाघ पडलाय, दोर घेऊन ये. मी दोर घेऊन गेलो. विहिरीत बोका होता! तोही माझ्या आधीच वर आलेला. त्यामुळे ‘महत्त्वाचं काम आहे, ये’ असे त्यांचे दोन निरोप आले तेव्हा मी मुळीच हललो नाही.

मग रविवारी सकाळी ली आला. तळेऱ्याहून सायकल मारत. घामानं निथळत होता आणि डोळ्यांत पाणी.

“मास्तर, तुमचे सासरे सिरियस आसत.”

मी ताडकन उभा राहिलो. “कोणी सांगला तुका?”

“त्येंनीच सांगल्यानी!”

“म्हणजे शुद्धीवर आसत?”

“शुद्धीवर? हासतत! काल माझ्या वांगडा बसान कोंबडी-वडे खाल्ल्यानी. मगे माझ्या खांद्यार हात ठेवन म्हणाले, ली, माझ्या जावयाक सांग, आय ॲम सिरियस. उद्या दुपारी चेडवाक, माझ्या लेकीक, घेवन ये.” लीनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. “मरणाची गजाल अशी हासत सांगणारो माणूस मी खंय बघूक नाय, मास्तर!”

तुम्ही म्हणाल, कोंबडी-वडे खाणारा माणूस मरणाच्या दारात कसा? मलाही क्षणभर तसं वाटलं. पण माझी बुद्धी बघा! मी म्हटलं, शेवटची इच्छा असेल!

आतून शालू, म्हणजे माझी बायको, धावत आली. “सिरियस? माझे बाबा?” आणि ती जी खाली बसली ती उठेचना. तिला उठवेपर्यंत शेजारच्या यमुनाकाकी देवघरातला गंगेचा गडू घेऊन आल्या. काशीहून आणल्यापासून गडूचं तोंड बंद होतं, ते त्यांनी माझ्यासमोर फोडलं.

“पोचल्याबरोबर पयला तोंडात घाल. बोलत बसा नको. येळ सांगान येणा नाय.”

निघालो. मी, शालू आणि ली. ली म्हणाला, “माका पण येवक होया. काल त्येंच्या ताटात जेवलंय मी.” सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर बाबल हा तात्यांच्या खानावळीतला रोजचा जेवणारा. त्याला कळलं मात्र, गाडी अशी सोडली की पुढच्या बाकावरची कोंबडी मागच्या बाकावर गेली! शालू सारखी म्हणत होती, “दोनदा बोलावल्यानी बाबांनी. दोनदा! तुमी म्हणालास थट्टा करतत.” मी गडू घट्ट धरून बसलो.

कणकवलीला शालूच्या आत्याला घ्यायचं होतं. काशीआते, तात्यांची धाकटी बहीण, घर नाक्यालगतच. बाबल आधी उतरला आणि चहाच्या दुकानात ‘तात्या सिरियस’ एवढंच म्हणाला. मी गडू सांभाळत उतरतोय तोवर त्या दुकानातून बातमी ‘तात्या चलले’ अशी बाहेर पडली, आणि आत्येच्या दारात पोचली तेव्हा ‘तात्या गेले’ अशी होती! आत्येनं तिथूनच जो हंबरडा फोडला! तिच्यामागून शेजारच्या बायका, दीर, एक वाट चुकलेला भटजी, सगळे गाडीत. मी ओरडतोय, “अजून गेले नाहीत हो! सिरियस आहेत!” ऐकतंय कोण?

आता तळेऱ्याला काय चाललं होतं ते ऐका.

खानावळीच्या मागच्या पडवीत तात्या नवा कोट घालून, मिशीला तेल लावून बसले होते. समोर कुडाळच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, सुमनबाई, चाळिशी ओलांडलेल्या. शेजारी त्यांचा भाऊ. चहा-पोहे झालेले. आणि तो भाऊ नेमका विचारत होता, “तात्यानू, राग मानू नका, वयाचा विचार करूक होयो. तब्येतीची काय तक्रार? दुखणा-बिखणा?”

“माका?” तात्यांनी मान मागे टाकली आणि आ वासून हसायला लागले. “माका काय धाड भरलीहा?”

त्याच क्षणी मी आत शिरलो. मला काय दिसलं? मान मागे टाकलेली, तोंड उघडं! संपलं, म्हटलं. उडी मारून गेलो आणि अख्खा गडू त्या तोंडात रिकामा केला.

काय सांगू! गंगा नाकातून बाहेर आली. कोट भिजला, पोह्यांची ताटली उडाली. तात्या ठसकतायत, तोच मागून आत्या आली. डोळे मिटूनच आली. तिनं तात्यांनाच मिठी मारली आणि तात्यांच्याच खांद्यावर डोकं आपटून रडायला लागली, “माझो भाव गेलो गोऽऽ! माका टाकून गेलो!”

“काशे!” तात्या ओरडले. “सोड माका! कोण मेलो?”

“तू मेलंस रे!” आत्या म्हणाली, आणि मग तिनं डोळे उघडले.

शालू दारातच थिजली होती. “बाबा,” एवढंच म्हणाली.

तात्यांची नजर फिरत फिरत माझ्या हातातल्या रिकाम्या गडूवर आली. कोपऱ्यातली काठी त्यांनी उचलली आणि मी पळालो. अंगणात तुळशीभोवती मी पुढं, तात्या मागं! माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस, पण शेवटी माझी कॉलर त्यांच्याच हातात.

“बोल! मी मेलंय म्हणान कोणी सांगला?”

मी लीकडे बोट दाखवलं. मास्तर ना मी! ली सरळ उभा राहिला.

“तात्यानू, तुमीच सांगलास, आय ॲम सिरियस. सिरियस म्हणजे काय ता मी मास्तरांक आदीच विचारलेलंय. ते म्हणाले, मरणाच्या दारात. अर्थ एकच, बाकीचा इसार.”

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं.

“अरे मेल्या!” तात्या म्हणाले. “ह्यो माझी सगळी गजाल थट्टा समजता, म्हणान सांगलंय सिरियस! थट्टा नाय करणंय. मी लगीन करतंय!”

“लगीन?” शालू खालीच बसली. एका दिवसात दुसऱ्यांदा!

तात्यांचा सगळा आवेश गेला. काठी टाकून ते लेकीसमोर उकिडवे बसले. “दोनदा बोलावलंय तुका. तू नको म्हटलंस तर करूचंय नाय. पण गिऱ्हाईक गेल्यावर खानावळ लय गप्प वाटता गो. तुका इचारल्याशिवाय पुढे जावचा नव्हता.”

शालूनं त्यांचे खांदे धरले. मग रडता रडता म्हणाली, “कणकवलीपासून तुमी मेलास म्हणान रडत इलंय बाबा. आता जिते गावलास. काय्येक करा! दोन लग्ना करा!”

पण तो भाऊ उठला होता. “सुमन, चल. बघूच्या दिवशी मयताचे लोक घरात? मी असो अपशकुन बघूक नाय.”

सुमनबाई उठल्या. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न, आणि मोडलं ते मी! पण त्या दाराकडे गेल्याच नाहीत. तात्यांचं मनगट धरून त्यांनी नाडी पाहिली.

“दादा, तू तब्येत इचारी होतंस मा?” त्या म्हणाल्या. “ह्या वयात इतके धावले आणि दम लागूक नाय. माका पसंत आसा.” मग माझ्याकडे वळल्या. “तुमी शाळेत काय शिकवतास?”

उत्तर शालूनंच दिलं. “इंग्रजी.”

बाई गंभीरपणे म्हणाल्या, “मगे तात्यांची काळजी सोडा. मास्तरांचा इंग्रजी सिरियस आसा!”

त्या हसण्यात भटजीही सामील झाला. लग्न वैशाखात लागलं. लीनं नवरीसाठी रेशमी कापड आणलं आणि पंगतीत सगळ्यांच्या आधी बसला. इथपर्यंत सगळं गोड झालं. पण बाबल ड्रायव्हर दिवसाकाठी दोन फेऱ्या करायचा, आणि आमच्या हेडमास्तरांचं सासर कणकवलीला होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. हेडमास्तरांनी मला बोलावलं, हसू दाबलं आणि इंग्रजी काढून कवायत दिली. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी मैदानावर ‘अटेन्शन’ ओरडत आलो. कवायतीचं एक बरं असतं बघा. शब्द इंग्रजीच, पण अर्थ कुणीही विचारत नाही!