उजेडाला धरलेला कागद

आमच्या विभागाच्या छपाईच्या खोलीत बसणारे ते गृहस्थ डिंडोलीहून येतात. विभागातल्या मुलांशी गुजराती, सरांशी हिंदी, माझ्याशी मराठी. पण एखादी गोष्ट नजरेत खुपली की घरची अहिराणी बाहेर पडते. पूर्वी कडोदऱ्याला कापडाचे ताके उजेडाला धरून तुटलेली तार, म्हणजे धागा, शोधायचे. अजूनही छापलेला प्रत्येक कागद खिडकीशी धरून पाहिल्याशिवाय हातात देत नाहीत. मला त्याचा राग यायचा.

प्रोटॉनच्या टकरीत विद्युतभार नसलेले मेसॉन किती तयार होतात, ते मोजण्याचं माझं काम. हे कण क्षणात फुटून दोन फोटॉन सोडतात. त्या जोड्यांवरून आम्ही मोजतो. माझा आकडा सतत कमी येत होता. "शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर हे प्रकरण प्रबंधातून काढा," माझे मार्गदर्शक सर म्हणाले. तीन वर्षांचं काम होतं; मला जेवणही धड जाईना.

फोटॉन टिपणाऱ्या यंत्राच्या कुठल्या खान्यात किती फोटॉन आले, त्याचा रंगीत नकाशा मी छापायला दिला. त्यांनी तो उजेडाला धरला.

"ताई, आठे तार तुटेल शे."

इथे, त्यांच्या बोटाखाली, एक उभी पट्टी होती, किंचित फिकी. पडद्यावर मला ती कधी दिसलीच नव्हती. तिथले खाने अर्धवट चालत होते आणि गणितात मी ते धडधाकट धरले होते. दुरुस्ती केली. गुरुवारी आकडा जागेवर आला.

धावत सांगायला गेले, तर ते कुणाची तरी हॉल तिकिटं छापत होते.

"सापडनं ना? मंग आते जेवी ल्या," ते म्हणाले.

त्या दिवशी मी दोनदा भात घेतला.