न दिसणारा रकाना

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहाला जाणारा माणूस. पोट कॉम्प्युटरवर, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला कारण असतंच, हे डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून हसायचं तर हसा, पण ऐका.

ब्रॉडबँड नवीन आलेलं तेव्हाची गोष्ट. मंगळवार पेठेत माझं वेबसाईट करून द्यायचं ऑफिस होतं. ताई हुपरीला, घरातच पैंजणांचा कारखाना. आदल्या दिवाळीत दाजी वारले आणि कारखाना तिच्या एकटीवर आला. ऑर्डरी मिळाव्यात म्हणून मी तिला साईट काढून दिली, चौकशीचा फॉर्म टाकला... आणि तिथं घाण सुरू! परदेशी गोळ्या, लॉटऱ्या, ढिगानं.

हे माणूस पाठवत नाही, प्रोग्राम पाठवतात. त्यांना बॉट म्हणतात. मिळेल तो रकाना भरत सुटतात बेणी! म्हणून मी सापळा लावला. फॉर्ममध्ये एक जादा रकाना, पण लपवलेला. माणसाला दिसतच नाही, त्यामुळे तो रिकामा राहतो. भरून आला की समजायचं, बॉट. थेट कचऱ्यात.

एका दुपारी तो कचरा साफ करत होतो. एका मेसेजमध्ये नाव, गाव, फोन, सगळं कोरं. फक्त लपवलेला रकाना तेवढा भरलेला. इंग्रजी अक्षरांत — ‘चिंगीला उठव’.

बॉट असं कधीच करत नाही. आणि माणसाला तो रकाना दिसत नाही...

भाचीचं नाव स्वाती. तिला चिंगी म्हणायचे ते एकटे दाजी. मी ताईला फोन लावला.

“ताई, स्वाती कुठं हाय?”

“कारखान्यात झोपलीया की. का रं?”

“उठव तिला!”

“आत्ताच डोळा लागलाय...”

“उठव म्हणतो न्हवं!”

रिसीव्हर तसाच टाकून ती धावली. मग तिची किंकाळी ऐकू आली.

चांदीची धूळ उडू नये म्हणून कारखान्यात पंखा बंद, खिडक्या बंद. जोडकामाच्या गॅसची नळी सुटलेली. पोरगी जमिनीवर निपचित. बाहेर ओढून आणल्यावर बऱ्याच वेळानं ओकली आणि रडायला लागली. वाचली.

मेसेज कुठून आला ते सर्व्हरवर शोधलं. पत्त्याच्या जागी काहीच नाही. असं होतं कसं, सांगा की पावणं! मला आजही कळलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात ताई ऑफिसात आली. “त्यो रकाना मला दाखव,” म्हणाली. मी माझ्या स्क्रीनवर तो उघडा केला. तिनं एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘जेवलासा का?’

“धाड आता,” म्हणाली. मी बटण दाबलं.

उत्तर आलेलं नाही. ताई अजून फोन करून विचारते. येऊ नये म्हणून मी रोज देवाला हात जोडतो, हे तिला सांगायची माझी छाती होत नाही.