काय कळलं, ते सांगा

शैलाला पोचवून घरी आले, अंघोळ केली आणि फोन हातात घेतला, तर शाळेच्या पालक-ग्रुपवर निरोप येऊन पडला होता. 'आपल्या शाळेतील ज्येष्ठ शिक्षिका श्रीमती शैला परब यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले असून सर्व पालकांनी याची नोंद घ्यावी.' नोंद घ्यावी! अगं बाई, माणूस गेलंय की पाण्याचं मीटर बदललंय? आणि खाली सगळं कोरं. कारण आमच्या ग्रुपवर फक्त शाळेनं लिहायचं, पालकांनी वाचायचं. इतक्या आयांपैकी एकीलाही तिथे 'अरे देवा' म्हणायची सोय नव्हती. त्यातून निम्मे लोक गणपतीला गावाला गेलेले, डोंगराआड रेंज नाही. जिनं जन्मभर पालकांना वेळेवर सांगायचा ध्यास घेतला, तिच्या जाण्याची बातमी त्यांना वेळेवर कळली नाही. स्मशानात आम्ही मोजकीच माणसं होतो. मला त्या दिवशी रडू कमी आलं आणि राग जास्त आला.

मरोळच्या आमच्या पालिकेच्या मराठी शाळेत शैलाचा आणि माझा वर्ग शेजारी शेजारी. ती मालवणकडची, वडील गिरणीत होते. बोलायला फटकळ, पण मुलांच्या आया तिच्याभोवती गोळा व्हायच्या, त्याला कारण गेटवरचा फळा. त्या फळ्यावर पालकांसाठीच्या सूचना लिहायचं काम तिनं आपणहून घेतलं होतं. पद्धत तिची स्वतःची. ऑफिसातून आलेला कागद ती आधी स्वतः वाचायची, मग गेटवर पहिली जी आई भेटेल तिला तोंडी सांगायची आणि विचारायची, "काय कळलं, ते सांगा." त्या आईनं जसं सांगितलं, जवळजवळ तसंच फळ्यावर उतरायचं. एकदा जंतनाशक मोहिमेचं लांबलचक परिपत्रक आलं होतं. शैलाच्या फळ्यावर इतकंच, 'उद्या मुलांना जंतांची गोळी. जेवून पाठवा. उपाशी पाठवू नका.' मुख्याध्यापक म्हणाले, "परब बाई, ही काय शासकीय भाषा आहे?" ही म्हणाली, "नाही सर. पण उद्या पोरं जेवून येतील."

मी नवी होते तेव्हा पालकसभेत बोलून झालं की विचारायची, "कळलं ना सगळ्यांना?" शैलानं एकदा मला कोपऱ्यात घेतलं. "नलू, 'कळला काय' असा इचारू नको गो. माणूस मान हलयता आणि घराक जाता. काय कळला ता इचार." चिडली किंवा माया आली की ती मालवणीवर यायची. तेव्हा मला ते जरा अतीच वाटलं होतं. बाकी आम्ही दोघी भांडायचो खूप. चहा कोण सांगणार इथपासून. पण डबा कधी एकटीनं उघडला नाही.

यंदा परीक्षेच्या आधी वरून आदेश आला. पट कमी झाला म्हणून पाचवीपासूनचे वर्ग आमच्याकडून हलवायचे. जी मुलं वेळेत अर्ज करतील त्यांना जवळच्या शाळेत जागा असेतो प्रवेश, बाकीच्यांची रवानगी हायवेपलीकडे. मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावून सांगितलं की निकालाच्या दिवसापर्यंत गाजावाजा नको, उगाच मोर्चे येतील. शैला उभीच राहिली. "सर, परीक्षा संपली की आपली निम्मी शाळा एसटीत बसते. निकालाला कोण असतं इथे? शेजारीण येऊन कागद घेऊन जाते. जूनमध्ये लोक परत येतील तेव्हा जागा भरलेल्या असतील." सर म्हणाले, "ग्रुपवर पत्रक टाकू ना." "गावाला रेंज नसते, सर. आणि ग्रुपवर अर्ध्यांच्या बापांचे जुने नंबर आहेत." सरांनी पंख्याकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याची निवृत्ती जवळ आली होती... पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं होतं, 'पाचवी, सहावी, सातवी जूनपासून इथे नाही. जवळची शाळा हवी तर गावाला जायच्या आधी अर्ज करा. विचारायला या.' मधल्या सुट्टीपर्यंत ते पुसलं गेलं. शैलानं पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. मग तिला नोटीस मिळाली आणि खडूचा डबा ऑफिसातल्या कपाटात गेला. म्हटलं, आता तरी गप बस. तर ही शाळा सुटली की पदर खोचून चाळीचाळीतून हिंडायला लागली. कडक ऊन, आणि पोटात दुखतंय म्हणून मधेच कुणाच्या तरी उंबऱ्यावर बसायची. आम्ही सगळे म्हणायचो ॲसिडिटी असेल. ती जेलुसिल चघळायची आणि पुढच्या दाराशी जायची.

बहुतेक घरं तिनं गाठली. सुनंदा गुरवचं दार मात्र बंद होतं. सुनंदा एका ऑफिसात साफसफाईचं काम करते. तिचे सासरे गेले म्हणून मुलीची परीक्षा आटोपताच ते सगळे गावाला निघून गेले होते. शैला तीनदा जाऊन कुलूप बघून आली. जूनमध्ये सुनंदा नवा गणवेश घातलेल्या लेकीला, दीक्षाला, घेऊन गेटवर हजर. सहावीचा वर्ग कुठे, असं तिनं विचारलं. जवळची शाळा भरली होती. हायवे ओलांडून पोरीला एकटीला पाठवायला सुनंदा तयार नाही, सोडायला जावं तर नोकरी जाते. दीक्षा घरी बसली, धाकट्या भावाला सांभाळायला लागली. अशा आणखीही काही मुली बसल्या, खोटं कशाला सांगू. पण शैलाच्या मनाला दीक्षा लागली. "दार उघडं असतं तर सांगितलं असतं गो," हे ती इतक्यांदा म्हणाली की मी एकदा तिच्यावर ओरडले.

श्रावणात तिच्या पोटात गाठ निघाली. फार उशीर झाला होता. शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी तिच्या भावाला आणि मला बाहेर बोलावून बरंच काही सांगितलं आणि विचारलं, "समजलं ना?" आम्ही माना हलवल्या आणि आत आलो. शैलानं डोळे उघडले. "काय म्हणाले?"

"औषधं बदलतायत म्हणाले."

"ता नको. तुका काय कळला, ता सांग."

मला तिचा राग आला, देवाचा आला, त्या डॉक्टरचा आला. भाऊ खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी म्हणाले, "शैला, आता थोडेच दिवस आहेत." ती म्हणाली, "हां. आता नीट सांगितलंस." आणि लगेच, "मग ऐक. जवळच्या शाळेत सहावीतली एक मुलगी गाव बदलून गेली, जागा रिकामी झालीय. तिथल्या बाईंचा फोन आला होता. गणपतीची सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी दीक्षाला घेऊन ये म्हणाल्या, नायतर दुसरं कुणी येईल. सुनंदाचा फोन लागत नाही. ती गावाहून आली की तिच्या दारात जा. आधी हे सांग, माझं मागनं सांग." मग ती म्हणाली, "काय कळलं?" आणि मी, पन्नाशीची बाई, शाळकरी पोरीसारखं सगळं म्हणून दाखवलं.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी सुनंदाच्या दारात उभी होते. ती तेव्हाच पोचलेली, पिशव्या दाराशीच. मला बघून तिनं आधी एक पुडी काढली. "हे खाजं परब बायनां द्या. बाजारात मुद्दाम त्यांच्यासाठी घेतलं." तिला काही माहीतच नव्हतं. शैलानं सांगितलेल्या क्रमानं मी सांगितलं, आधी दीक्षाचं, मग तिचं. सुनंदा मान हलवत होती. मी विचारलं, "काय कळलं, ते सांगा."

"उद्या सकाळी दीक्षाला घेऊन जायचं. दाखला बरोबर घ्यायचा." ती थांबली. "आणि... बाई गेल्या." मग ती खालीच बसली.

आता फळा मी लिहिते. नव्या मुख्याध्यापिका आल्यात, त्यांनी खडूचा डबा परत दिला. त्या दुसऱ्या दिवशीही सकाळी मी गेटवर लिहीत होते, तेव्हा सुनंदा जवळच्या शाळेतून सरळ आमच्याकडेच आली, धापा टाकत. "घेतलं हो दीक्षाला! वर्गात बसवून आले." सवयीनं तिची नजर फळ्याच्या बाजूला, शैला उभी राहायची तिथे गेली. ती म्हणाली, "आता हे बायनां कोण सांगणार?"

अर्धवट लिहिलेली ओळ मी ओल्या फडक्यानं पुसली आणि शैला लिहायची तशी, साध्या शब्दांत पुन्हा लिहायला घेतली.