हिराजी तांडेलचा फिशफाइंडर

हिराजी तांडेलने मला जितका मनस्ताप दिला, तितका माझ्या सासऱ्यांनीही कधी दिला नाही. मी नजीब, मूळचा मुरूडकडचा. नेरुळला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. होडीवरचा वायरलेस बिघडला की शेजारच्या करावे गावचे मच्छीमार माझ्याकडेच यायचे. शहाण्णव सालच्या एप्रिलात हिराजी आला आणि म्हणाला, फिशफाइंडर घ्यायचाय. म्हणजे पाण्याखाली मासे कुठे आहेत ते पडद्यावर दाखवणारं यंत्र.

मला हसूच आलं. हा माणूस घोळ मासा कानाने शोधायचा. वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं, मूठ कानाला लावायची आणि खाली घोळीचा कळप घुमतोय का ते ऐकायचं. या कानाच्या जोरावर तो वीस वर्षं तांडेल होता, म्हणजे होडीचा कर्ता. आता तेच कान गेले होते, आणि ते उघडकीला आलं तर सुकाणू धाकट्या भावाच्या, सुभाषच्या हातात जाणार होतं. हे मला फार उशिरा कळलं. तुम्हांला आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे त्याच्यावर डाफरत बसाल.

मुंबईच्या दुकानात मी त्याला तासभर समजावलं. आपलं पाणी पंधरा-वीस वाव, म्हणजे शंभरेक फूट, खोल समुद्राचं यंत्र आपल्याला काय करायचंय? हे छोटं घ्या, मासा आला की जोरात भोंगा वाजवतं, तुमची नजर समुद्रावर राहील. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मग बोट दाखवलं ते सगळ्यात मोठ्या पडद्याच्या यंत्राकडे. भोंगा त्यालाही होता म्हणा, पण मी घसा कशाला कोरडा केला?

पावसाळ्यात होडी वर ओढलेली असताना तिच्या तळाला सेन्सर बसवला. तो पाण्यात आवाज सोडतो आणि माशाला आपटून परत आलेला आवाज टिपतो, त्याच्यावर काही म्हणजे काही फासायचं नाही, असं मी तीनदा बजावलं. त्याने तीनदा मान हलवली. नारळी पौर्णिमेआधी रिवाजाप्रमाणे होडीच्या तळाला रंगाचे दोन हात दिले, आणि सेन्सरला, नवा पाहुणा म्हणून की काय, चांगले तीन. पहिल्याच फेरीला पडदा कोरा. मी त्याला फसवलं, असं तो भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर सांगून गेला. शेवटी ओहोटीला गुडघाभर चिखलात उभं राहून मीच चाकूने तो रंग खरवडला. त्याची बायको पुतळाकाकू काठावरून म्हणाल्या की आताशा ते कुणाचंच ऐकत नाहीत. मीही मग हिराजीला तोंडाला येईल ते बोललो.

पंधरा दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. पडद्यावर मासे दिसतात, जाळं भरून येतं, पण भोंगा काही वाजत नाही. यंत्रात भोंगा आहे तर तो वाजलाच पाहिजे.

मी दुकान बंद करून तणतणत कराव्याच्या धक्क्यावर गेलो. होडीत सुभाष होता, दोघं खलाशी होते. हिराजी सुकाणूपाशी माझ्याकडे पाठ करून उभा होता. मी भोंग्याचं बटण दाबलं. अशी कर्कश शिटी सुटली की धक्क्यावरची कुत्री भुंकायला लागली. सुभाष वळला, खलाशी वळले. हिराजी वळला नाही. मी पुन्हा दाबलं. त्याने सावकाश विडी पेटवली.

माझा राग कुठल्या कुठे पळाला, आणि लगेच परत आला तो माझ्यावरच. इतके महिने मी एका बहिऱ्या माणसाशी भांडत होतो, आणि एकदाही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नव्हता.

सुभाषने माझा हात धरला.

"बंद कर ते," तो म्हणाला. "दोन वरसां झाली. आमाला ठावं हाय. पन आमाला ठावं हाय, ह्ये त्याला ठावं नाय. तू वायर तोड."

ज्याला सुकाणू मिळायचं, तोच हे सांगत होता. मी वायर तोडली. मग हिराजीच्या पुढ्यात, त्याला माझं तोंड नीट दिसेल असा उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं, "भोंगाच खराब निघाला, काका. दुरुस्त नाय व्हायचा."

वाटलं, आता शिव्या खायच्या. पण त्याने सोडलेला श्वास मला ऐकू आला. कितीतरी दिवस कोंडून ठेवलेला असावा. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या माणसांकडे बघत म्हणाला, "जाऊं दे. ऐकाला मी हाय ना."

"व्हय दादा," सुभाष म्हणाला, आणि नांगर ओढायला वळला.