काट्यावर मारलेल्या टिचक्या

मला ट्रॅक्टर चालवता येतो हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं. फारसा येत नाही, हे फक्त मला ठाऊक होतं. दीड महिना नागपूरला राहून शिकून आलो होतो. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला. मोठं काही शिकायचं, आणायचं, भांडायचं तर नागपूरच. दुसरी मोठी लढाई संपल्यावर वडिलांनी तिथूनच हा जुना डिझेल ट्रॅक्टर आणला आणि बैलांच्या चार जोड्यांपैकी तीन विकल्या. हट्ट माझाच होता.

आश्विनात रब्बीची घाई लागली. काळ्या जमिनीत ओल आहे तोवर ज्वारी पेरायची. ऊन तापलं की ओल उडते, मग बी टाकणं म्हणजे मातीत पुरणं. ट्रॅक्टर मी चालवायचो आणि मागे जोडलेल्या पेरणीच्या औजाराच्या बैठकीवर आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, बसायचा. वीस वर्षं तो आमच्याकडे साल करत होता. विकलेल्या तिन्ही जोड्या त्यानंच वासरांपासून वाढवलेल्या.

पहिल्या दिवशी दुपारी, इंजिन तापल्यावर, तेलाच्या दाबाचा काटा खाली आला. मी काचेवर टिचकी मारली. काटा थोडा उचलला आणि परत पडला. नागपूरच्या उस्तादानं सांगितलं होतं, काटा पडला तर आधी काट्यावरच संशय घ्यायचा, मग नळी सोडून दुसरा काटा लावून बघायचं. त्यातलं सोयीचं तेवढं मी लक्षात ठेवलं आणि काटाच खोटा असं ठरवून टाकलं. थांबलो असतो तर वडिलांनी विचारलं असतं, काय झालं? आणि काय झालं ते मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी गार इंजिनावर काटा वर, दुपारी खाली. मागून सालदार ओरडला, "भाऊ, घडीघडी काच काऊन ठोकून राह्यले?"

"काही नाही. काटा अडकतो," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी तेल मोजायची पट्टी ओढून पाहिलं, तर ते खुणेच्या वर. तेल कमी नाही म्हणजे दुखणं नाही, अशी अक्कल मी लढवली. न घालता तेल वाढलं कसं, हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही.

चौथ्या दिवशी इंजिन आतून ठकठक वाजायला लागलं. बंद केलं तेव्हा निम्मी पेरणीही झाली नव्हती.

पाचव्या दिवशी वडिलांनी नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनातला मिस्त्री आणवला. त्यानं दुसरा काटा लावून इंजिन क्षणभर चालवलं, तोही खालीच. मग त्यानं तेल बोटांवर घेऊन हुंगलं. डिझेल मिसळून ते पातळ झालं असेल अशी त्याची शंका होती, पण वास निराळा आला आणि बोटं चिकटली. खालची टाकी उतरवली. तेल ओढणाऱ्या जाळीवर काकवीसारखा थर बसला होता, आणि तळाशी बेअरिंगच्या धातूचा चमकता चुरा.

"ये जवस का तेल है," मिस्त्री म्हणाला. "किसने डाला?"

सालदार पुढे आला. त्याला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "म्या पाजलं. पोयाच्या दिवशी. जोडीले पाजलं, मंग याले काऊन उपाशी ठेवाव? येच्याच जिवावर तं सारी वावरं हायेत."

पोळ्याला बैलांना बांबूच्या नळीनं तेल पाजायची आमच्या घरची रीत होती. त्याच नळीनं त्यानं दोन शेर जवसाचं तेल इंजिनात ओतलं होतं, वर पुढच्या चाकांना हळद लावली होती. इंजिन तापत गेलं तसं ते तेल चिकट होत गेलं. एरवी कोणी ही गोष्ट सांगितली असती तर मी पोट धरून हसलो असतो. तेव्हा मला रडू आलं. सुटे भाग विलायतेहून यायचे, म्हणजे उन्हाळाच उजाडला असता. ओल रोज उडत होती आणि गोठ्यात एकच जोडी होती.

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "जाली तो धुल जाती. काटा गिरते ही बंद करते, तो कुछ नहीं बिगडता था."

वडील माझ्याकडे वळले. "काटा कवापासून खाली होता?"

"कालपासून. पडला तसा मी लगेच बंद केला."

चार दिवस माझ्या टिचक्या बघत बसलेला माणूस माझ्या शेजारीच उभा होता. वडिलांनी त्याला तिथल्या तिथं साल सोडायला सांगितलं, तेव्हा "हाव मालक, माह्याच हातानं झालं," एवढंच म्हणाला आणि गोठ्यातून घोंगडी घेऊन निघाला.

मी त्याच्या मागे फाटकापर्यंत गेलो. खरं सांगतो, तेव्हा मी वडिलांना सगळं सांगणार होतो. निदान त्याला तसं म्हणणार तरी होतो. पण माझं तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "राहू द्या, भाऊ. मले दुसरं घर भेटन. तुमाले कुठून भेटन?"

मी मान डोलावली आणि फाटक लावून घेतलं.